कपाटाची किल्ली : शालेय ग्रंथालय, सूची आणि ऑनलाइन साधने

शालेय ग्रंथालयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती कागदपत्रांची. विद्यापीठांच्या ग्रंथालयांचे अहवाल छापले जातात, सार्वजनिक वाचनालयांच्या शताब्दीला स्मरणिका निघतात. शाळेचे ग्रंथालय मात्र तीन-चार कपाटे, एक दाखल नोंदवही आणि एक देवघेवीची वही एवढ्यावर उभे असते. शाळेची इमारत बदलली की सगळ्यात आधी हरवतात त्या या वह्याच. मी ग्रंथालयशास्त्राचा पदवीधर नाही. जुनी मराठी पुस्तके शोधता शोधता सूचींच्या नादी लागलो आणि त्या नादातून नागपुरातल्या काही शाळांच्या अशा वह्या पाहायला मिळाल्या. त्या वाचताना जे जमत गेले ते इथे मांडतो आहे.

निमित्त मात्र ताजे आहे. ओळखीच्या एक शिक्षिका शहरातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत भाषा शिकवतात. शाळेत ग्रंथपाल नाही, म्हणून ग्रंथालयाचा प्रभार त्यांच्याकडे आहे. फुकट मिळणाऱ्या एखाद्या ऑनलाइन साधनावर पुस्तकांची यादी करावी आणि मुलांना ती मोबाइलवर पाहता यावी, अशी त्यांची इच्छा. ‘सर, यातले कोणते साधन घेऊ?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर शोधायला निघालो तेव्हा लक्षात आले की शंभर वर्षांपूर्वीही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला गेला होता आणि तो विचारणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ होते.

मोजदाद आणि शोध

दाखल नोंदवही उघडली की रकाने दिसतात : दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘गहाळ’, ‘जीर्ण’, ‘निर्लेखित’ असे शब्द. ही वही कोणासाठी लिहिली आहे हे तिच्या रकान्यांवरून कळते. ती तपासनिसासाठी आहे. शाळेच्या लेखी पुस्तक म्हणजे टेबल-खुर्चीसारखी जडवस्तू. ते हरवले तर जबाबदार कोण, याची ती नोंद. पुस्तक कशाबद्दल आहे, ते कोणत्या वयाच्या मुलाला वाचता येईल, ते कपाटाच्या कोणत्या खणात आहे, हे तिथे कुठेच नाही.

सूचीचे काम याच्या उलट असते. ‘आपल्याकडे किती आहे?’ याचे उत्तर नोंदवही देते. ‘मला हवे ते आहे का आणि कुठे आहे?’ याचे उत्तर सूची देते. बहुतेक शाळांत पहिली नीट ठेवलेली असते आणि दुसरी नसतेच. परिणामी प्रभारी शिक्षकाला पुस्तक बाहेर जाण्याचे भय असते, आत पडून राहण्याचे नसते. कपाटाला कुलूप लागते ते दुष्टाव्याने लागत नाही, हिशेबापोटी लागते. नव्या साधनाची पहिली परीक्षा इथेच घ्यावी लागते. ते नोंदवहीची नक्कल संगणकावर करून देणार आहे की सूची देणार आहे? पुष्कळ ठिकाणी संगणकीकरण झाले म्हणतात तेव्हा जुनेच रकाने पडद्यावर आलेले असतात आणि कुलूप जागच्या जागी असते.

बडोदा आणि मद्रास

कुलूप काढण्याचा आपल्याकडचा मोठा प्रयोग बडोद्यात झाला. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. चार यत्ता शिकून शाळा सुटलेले मूल पुढे काही वाचले नाही तर आलेले अक्षरही विसरते, हे त्यांनी ओळखले. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय, मुलांसाठी निराळा विभाग, वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देण्याची पद्धत, लाकडी पेट्यांत भरून गावोगाव जाणारी फिरती ग्रंथालये, असे ते जाळे होते. १९१२पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. ग्रंथालयाच्या तंत्राची चर्चा मराठीत होऊ शकते, असे बडोद्याने इतक्या लवकर धरून चालले होते.

दुसरे नाव अर्थातच शि. रा. रंगनाथन. त्यांचा जन्मदिवस १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. ते मुळात गणिताचे शिक्षक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्या कामात त्यांना रस नव्हता आणि वर्गात परत जाण्याची त्यांची धडपड चालली होती. विद्यापीठाने त्यांना लंडनला पाठवले. तिथे त्यांनी अनेक ग्रंथालये पाहिली. एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहताना त्यांना सुचले की त्याच सुट्या पट्ट्या जोडून जसे वेगवेगळे खेळणे होते, तसा विषयाचा क्रमांकही सुट्या भागांतून जोडता येईल. त्यातून १९३३ची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली होती. पहिल्याचा गाभा असा की पुस्तक वापरासाठी असते. हे सांगताना त्यांनी युरोपातल्या मठांत साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या ग्रंथांची आठवण दिली. आपल्या शाळांतल्या लोखंडी कपाटांना ती आठवण परकी नाही.

बडोद्यात राजा होता आणि मद्रासमध्ये विद्यापीठ होते. पाठीशी सत्ता नसताना सूची करणारा मराठी माणूस कोण, तर शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची विषयवार सूची त्यांनी सिद्ध केली आणि पुढे १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा भाग. ग्रंथालयांचे उंबरे झिजवत, पुस्तक प्रत्यक्ष पाहत एकट्याच्या जिद्दीने झालेले हे काम आहे. राज्य मराठी विकास संस्थेने ते संगणकावरही आणले. १९५०पूर्वीच्या कोणत्याही मराठी पुस्तकाची नोंद करताना शिक्षकाला लेखकाचे पूर्ण नाव किंवा पहिल्या आवृत्तीचे वर्ष हवे असेल, तर अजूनही पहिला आधार दातेच. फाटलेल्या मुखपृष्ठामुळे ‘लेखक अज्ञात’ असा शेरा बसलेली पुस्तके मी या सूचीच्या साहाय्याने ओळखली आहेत.

ज्ञानकोशाचा नागपूरचा जन्म

ऑनलाइन साधन म्हणजे नुसती यादी नव्हे, वाचायचा मजकूरही. त्या बाजूने पाहिले तर नागपूरच्या शाळेला अभिमान वाटावा असा एक दुवा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर रायपूरला जन्मले, अमरावतीला शिकले आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले. मराठीत सर्वविषयसंग्रह करायचा हे ठरल्यावर त्यांनी ज्ञानकोशाची मंडळी उभी केली ती नागपुरात, भागभांडवल गोळा करून. कार्यालय नंतर पुण्याला गेले, पण आरंभ इथला. १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड बाहेर पडले. त्यांतले पहिले पाच प्रस्तावना खंड आणि त्यांतला पहिला ‘हिंदुस्थान आणि जग’. संपादन, वर्गणीदार जमवणे आणि छपाईचा पैसा या तिन्हींची ओढाताण केतकरांनी स्वतः सोसली.

एके काळी हे खंड शाळेच्या कपाटात असणे हे त्या शाळेच्या प्रतिष्ठेचे लक्षण असे. आज ते सगळे इंटरनेटवर युनिकोड मजकुरात शोधता येतात. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. मुलांच्या उपयोगाचे त्याहून जवळचे साधन म्हणजे बालभारतीचे ‘किशोर’. १९७१ साली निघालेल्या या मासिकाचे जुने अंक मंडळाने संगणकावर ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५पासून चित्रगोष्टी खुल्या परवान्याने मिळतात. त्या उतरवून, छापून, पिना मारून वर्गात वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्या शाळेत दहा मुलांमागे एक मोबाइलही नाही, तिथे ही छापायची मुभा पडद्यापेक्षा मोलाची.

एक सावधगिरी मात्र शिक्षकाने बाळगली पाहिजे. ज्ञानकोशातली लोकसंख्या, राज्यांच्या सीमा, जातींविषयीची विधाने शंभर वर्षांपूर्वीची आहेत. पडद्यावर ती कालच्या बातमीसारख्याच टंकात दिसतात. छापील खंडाचा पिवळा कागद मुलाला जे आपोआप सांगत असे, ते आता शिक्षकाला तोंडाने सांगावे लागते. नोंदीखाली वर्ष लिहून घेण्याची सवय मुलांना लावली तर हीच अडचण इतिहासाच्या तासाला कामी येते.

देवनागरीच्या खाचाखोचा

आता यादीकडे. आमच्या या शिक्षिकेकडे एक जुनी संगणकीय यादी होती. उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोतावळा. यादी कृतिदेव टंकात केलेली होती आणि तो टंक नव्या संगणकावर नव्हता. युनिकोड रुळण्याआधी नागपुरातल्या छपाईत आणि कचेऱ्यांत असल्या टंकांचे राज्य होते. परिवर्तक वापरून मजकूर परत मिळाला, जोडाक्षरे हातांनी दुरुस्त करावी लागली. धडा साधा आहे : यादी युनिकोडमध्येच करायची.

दुसरी खाच शुद्धलेखनाची. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांवर ते आहेत. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीच्या नावात ‘लक्षांत’ आहे. मूल ‘लक्षात’ असे शोधते आणि यंत्र सांगते, पुस्तक नाही. पुस्तक समोरच्या खणात असते. उपाय म्हणून नोंदीत एक जादा रकाना ठेवावा आणि त्यात नाव आजच्या लेखनाने लिहावे. मूळ रूप मूळ रकान्यात तसेच राहू द्यावे.

तिसरी खाच क्रमाची. आपण वर्णमाला म्हणताना क्ष आणि ज्ञ शेवटी घेतो. युनिकोडला ती जोडाक्षरे आहेत, त्यामुळे साध्या तक्त्यात क्षितिज ‘क’त आणि ज्ञानेश्वर ‘ज’त जाऊन बसतात. नागपुरात आणखी एक गुंता आहे. मध्य प्रांताच्या काळापासून इथे मराठी आणि हिंदी शेजारी नांदल्या. शाळेच्या एकाच खणात साने गुरुजी आणि प्रेमचंद असतात आणि लिपी दोघांची एकच. भाषेचा रकाना नसेल तर दुसरीतले मूल हिंदी पुस्तक मराठी समजून उचलते आणि चार ओळींत हिरमुसते.

चौथी खाच नावांची. ग्रेस शोधणाऱ्याला माणिक गोडघाटे सापडले पाहिजेत, कुसुमाग्रज शोधणाऱ्याला वि. वा. शिरवाडकर आणि विभावरी शिरूरकर शोधणाऱ्याला मालतीबाई बेडेकर. जुन्या कार्डांच्या पेटीत यासाठी ‘पाहा’ असे लिहिलेले वेगळे कार्ड असे. नव्या साधनात तेवढी सोय आहे का, हे आधी विचारावे.

वर्गीकरणाचेही तसेच. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे. मराठी शाळेत अर्ध्याहून जास्त पुस्तकांच्या पाठीवर हाच आकडा येणार, म्हणजे त्याने काहीच वेगळे होणार नाही. तिथे कथा, कविता, चरित्र, विज्ञान अशा रंगीत पट्ट्या पुरतात. मात्र काही पुस्तके एका पट्टीत मावत नाहीत. दीक्षाभूमीच्या या शहरात बाबासाहेबांची पुस्तके मागणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ धर्मात जाते, जातीवरचे लेखन समाजशास्त्रात, राज्यघटनेवरचे कायद्यात आणि चरित्र चौथ्याच खणात. एक पुस्तक एकाच जागी ठेवता येते, पण नोंदीला चार विषयशब्द देता येतात. कार्डांच्या काळात त्यासाठी चार कार्डे लिहावी लागत. संगणकाने खरा वाचवला आहे तो हा वेळ, आणि नेमका तोच वापरला जात नाही.

साधनांची पारख

साधने कोणती आहेत? ‘कोहा’ ही खुली प्रणाली न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रंथालय-न्यासासाठी तयार झाली. २००० सालच्या तारखेचा घोटाळा तोंडावर होता, जुनी प्रणाली टिकणार नव्हती आणि नवी विकत घेणे परवडणारे नव्हते. जानेवारी २०००मध्ये ती सुरू झाली आणि सगळ्यांसाठी मोकळी ठेवली गेली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, परतफेडीची जाणीव ठेवून दिलेली. प्रणाली उत्तम आहे, पण ती चालवायला सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. आपल्याकडे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली आहे. या दोन्हींमध्ये पुस्तकाच्या नोंदीचे नमुने मोठ्या ग्रंथालयांच्या मापाचे आहेत. शाळेला आठ-दहा रकाने पुरतात आणि तेवढ्याला साधा ऑनलाइन तक्ता चालतो.

पुस्तकाच्या पाठीवरचा पट्टीसंकेत मोबाइलने टिपला की माहिती आपोआप भरणारी साधनेही आहेत. ती आयएसबीएन क्रमांकावर चालतात. हा क्रमांक जगात १९७०च्या सुमाराला रूढ होऊ लागला, मराठी प्रकाशनांत त्याहून बऱ्याच उशिरा. त्यामुळे जुन्या शाळेच्या कपाटातली सर्वांत मोलाची पुस्तके या साधनांना दिसतच नाहीत. ती हातानेच नोंदवायची.

आणखी एक परीक्षा दीर्घायुष्याची. २०००नंतरच्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. हजारो जुनी मराठी पुस्तके तिथे चित्रित झाली. पण शीर्षके विचित्र रोमन लिपीत नोंदवलेली, त्यामुळे देवनागरीत शोधणाऱ्याला ती सापडत नसत. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. पुस्तके वाचली, कारण त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर आधीच गेल्या होत्या. म्हणून कोणतेही साधन घेताना विचारावे : यातली माझी यादी मला साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते का? येत नसेल तर ते फुकट असले तरी महाग आहे. यादीची एक छापील प्रत शाळेत ठेवावी. आणि देवघेवीच्या नोंदीत मुलांची पूर्ण नावे परक्या सर्व्हरवर चढवू नयेत, हजेरी क्रमांक पुरतो. कोणते मूल काय वाचते ही त्याची खासगी गोष्ट आहे.

काय खुले, काय बंद

आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांची पुस्तके २०११च्या आरंभापासून सर्वांची झाली. पण विदर्भाचे चित्र पाहा. ग. त्र्यं. माडखोलकर १९७६मध्ये गेले, पु. भा. भावे १९८०मध्ये, कवी अनिल १९८२मध्ये. यांची पुस्तके २०३६, २०४० आणि २०४२ सालच्या अखेरीपर्यंत बांधलेली आहेत. त्यांतली अनेक दुकानात मिळत नाहीत आणि पडद्यावर ठेवता येत नाहीत. ती आहेत कुठे, तर वाचनालयांत आणि जुन्या शाळांच्या कपाटांत. जीर्ण म्हणून निर्लेखन करताना रद्दीत जातात तीही हीच. नागपूरच्या एखाद्या शाळेची यादी झाली नाही, तर कोणते पुस्तक शहरातून कायमचे गेले हे कळण्याचाही मार्ग उरत नाही. यादीचे काम मी तातडीचे मानतो ते या कारणाने.

उलट उदाहरण कुसुमावती देशपांडे यांचे. नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापिका, कथाकार, समीक्षक आणि मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. १९६१ साली त्या संमेलनाध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी गेल्या. म्हणजे २०२२च्या जानेवारीपासून त्यांचे लेखन मुक्त आहे. ‘दीपकळी’, ‘दीपदान’, ‘मोळी’ हे कथासंग्रह ज्या शाळेच्या कपाटात असतील, तिने ते चित्रित करून इतर शाळांना दिले तर कायद्याची आडकाठी नाही. नागपूरच्या शाळेने नागपूरच्या लेखिकेसाठी करावे असे हे काम आहे. त्याला एक मोबाइल, सपाट टेबल आणि खिडकीतला उजेड पुरतो.

माणूस

शेवटी येतो तो प्रश्न माणसाचा. महाराष्ट्राचा १९६७चा ग्रंथालय कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा आहे, शाळा त्याच्या कक्षेबाहेर. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवे असे म्हटले आहे. वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींची पुस्तके हवीत, हेही आहे. त्याच परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची सोय आहे. ग्रंथपाल हा शब्द तिथे नाही. कायद्याने कपाट दिले आणि ते उघडणारा हात दिला नाही. ती जागा प्रभारी शिक्षक तासिकांच्या फटीत भरून काढतात.

ऑनलाइन साधनांचे कौतुक करताना ही गोष्ट झाकली जाऊ नये. यादी यंत्रावर आली म्हणून ग्रंथपालाचे पद अनावश्यक ठरते, असे उद्या कोणी म्हणेल. बॉर्डन, रंगनाथन आणि दाते यांचा अनुभव वेगळे सांगतो. प्रत्येक नव्या तंत्राने वाचक वाढले आणि वाचकांबरोबर काम वाढले. साधन चांगले असेल तर शाळेला माणसाची गरज जास्त भासेल, कारण पुस्तके मागणारी मुले वाढतील. नसतील वाढत, तर साधनात किंवा कुलपात काहीतरी चुकते आहे.

शिक्षिकेला मी दिलेले उत्तर थोडक्यात असे. साधा तक्ता घ्या, युनिकोडमध्ये भरा. रकाने दहा : दाखल क्रमांक, लेखक, लेखकाचे दुसरे नाव, पुस्तकाचे नाव, आजच्या लेखनातले नाव, भाषा, वर्ष, इयत्ता, विषयशब्द, खण. किंमत आणि बिल नोंदवहीत आहेत, तिथेच राहू द्या. सुरुवात सर्वांत जुन्या कपाटापासून करा. विषयशब्द सुचवायचे काम आठवी-नववीच्या मुलांना द्या, कारण शोधणार तीच आहेत. आणि यादी पुरी होण्याची वाट न पाहता आठवड्यातून एक तासिका कपाट उघडे ठेवा. पहिल्या तीन कपाटांची यादी त्यांनी पुरी केली आहे. चौथ्याचे कुलूप गंजलेले होते. किल्ली सापडली नाही, तेव्हा शिपाईकाकांनी ते तोडले. आत ज्ञानकोशाचे काही खंड निघाले.